तायडे सिस्टर आणि सहा दातांची गाडी

तायडे सिस्टर गाडीत बसायच्या आधी बॉनेटवर हाताची पालथी बाजू ठेवायच्या. लेकराचा ताप पाहतात तशी. मग कंबरेवर हात ठेवून गाडीच्या खाली वाकून पाहायच्या, कारण विजेच्या गाडीची बॅटरी बॉनेटमध्ये नसते, खाली पोटाशी असते, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी जुन्या गाड्यांचा व्यापारी, खामगावात तीस वर्षं हाच धंदा, आणि हे मला एका नर्सबाईकडून कळावं! तेव्हा मी हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते. पण लाज वाटावी असं त्याहून मोठं काम मी पुढं केलं, आणि तेच सांगायला बसलोय.

सिस्टर सरकारी दवाखान्यातल्या. आधी बरीच वर्षं संग्रामपूरकडं, मग खामगावात. अर्ध्या गावाला त्यांनी सुया टोचलेल्या. माझी मोठी पोरगी त्यांच्याच हातावर झाली. मी बाहेर बाकावर डोळे पुसत बसलो होतो, तर बाहेर येऊन म्हणाल्या, "काऊन रडून राह्यला रे गजू, कळा तुले येऊन राह्यल्या का तिले?" मग आतून रडण्याचा आवाज आला आणि त्या माझ्याकडं न बघता परत आत गेल्या. अंगानं ठेंगण्या, सावळ्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नोकरीत पांढरी साडी, नोकरी सुटल्यावरही पांढरीच. पौर्णिमेला विहारात जायच्या तेव्हा तीच साडी कडक इस्त्रीची. यजमान लवकर गेले. एकच मुलगा, नितीन, तो पुण्याला कंपनीत.

निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात माझ्या यार्डात आल्या. गाडी घ्यायची होती. संग्रामपूरच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं माहेर. दर गुरुवारी तिथं जायचं, बायांचं बीपी बघायचं, शुगर बघायची, गरोदर पोरींना तपासायचं. हा नेम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. एसटीनं जायचं तर फाट्यावर उतरून उन्हात तीन किलोमीटर चाल. मी म्हटलं, सिस्टर, आता आराम करा. तर म्हणाल्या, मी रिटायर झाली म्हणून बाया बाळंत व्हायच्या थांबल्या का?

त्यांना विजेचीच गाडी हवी होती, आणि नवी. मी डिझेलची दाखवत होतो. विजेच्या गाडीची बॅटरी म्हणजे मोबाईलची बॅटरी, मी सांगितलं, दोन-तीन वर्षांत फुगते, मग गाडी दारात ठेवून तिची पूजा करायची. सिस्टरनी माझ्या टेबलावरचा मोबाईल उचलून बघितला. वायर लावलेली, शंभर टक्के झालेला, वर कव्हर, आणि खिडकीतून त्यावर ऊन. "याले असा जेवू घालशीन तं फुगणारच," म्हणाल्या, आणि मोबाईल सावलीत ठेवून निघून गेल्या. आठ दिवसांनी अकोल्याहून नवी कोरी विजेची गाडी घेऊन आल्या. चालवायलाही साठीलाच शिकल्या.

त्या गाडीला त्यांनी जे पथ्यपाणी लावलं, ते मी कुण्या जावयाचंही झालेलं बघितलं नाही. ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज नाही, वीसच्या खाली जाऊ द्यायची नाही. "गळ्यापर्यंत जेवू नाही अन् भोवळ येईपर्यंत उपाशी राहू नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आधी पेशंटला सांगायच्या, आता गाडीला. महिन्याच्या एक तारखेला मात्र पूर्ण शंभर. घरासमोरच्या कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड, शेडवर गोणपाटं, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा त्या गोणपाटांवर पाणी. आपल्याकडं उन्हाळ्यात माणसं करपतात, तर गाडीचं काय, असा त्यांचा हिशेब.

एकदा मे महिन्यात त्या माहेराहून भर दुपारी आल्या, आणि शेजारच्या देशमुख मास्तरीणबाईंनी चांगुलपणानं गाडीला वायर लावून दिली. सिस्टर आतून हात न पुसता धावत आल्या आणि वायर काढली. मास्तरीणबाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या. सिस्टरनी त्यांना कडुनिंबाखाली खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, उन्हातून आल्या-आल्या तुम्ही गटागटा पाणी पेता का? नाही. मंग तिले काऊन पाजता? त्यानंतर ताकाचा पेला आणून दिला आणि घोट-घोट कसं प्यायचं हे त्यांच्यासमोर उभं राहून शिकवलं. पेला संपेपर्यंत हलू दिलं नाही. मास्तरीणबाई पुढं वर्षभर ही गोष्ट सांगत होत्या आणि सांगताना त्यांना अजून तहान लागायची.

आणि तो तक्ता. दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी तापाचा कागद लटकवलेला असतो ना, आडव्या-उभ्या चौकटींचा, त्यावर रेघ वर-खाली जाते, तसला तक्ता त्यांनी गाडीत ठेवला होता. पुढच्या कप्प्यात, लाकडी पाटीवर चिमटा लावून. दर एक तारखेला पूर्ण चार्जवर गाडी किती किलोमीटर दाखवते ते त्यावर टिंब देऊन लिहायच्या आणि मागच्या टिंबाला पट्टीनं जोडायच्या. उन्हाळा असेल तर बाजूला लाल पेननं 'ऊन'. कागद भरला की दुसरा जोडायचा. सहा वर्षांचे कागद एकाखाली एक. रेघ जवळपास सरळ होती. डॉक्टर राउंडला आले की पहिले हे पाहतात, म्हणायच्या, पेशंटच्या तोंडाकडं मागून पाहतात.

गुरुवारच्या फेरीतली एक गोष्ट त्या स्वतःच हसत सांगायच्या. एका पोरीला कळा सुरू झाल्या, आणि गावात दुसरं वाहन नव्हतं. सिस्टरनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं, सासूला सोबत घेतलं आणि निघाल्या. गाडीला आवाज नाही, गिअरचा हिसका नाही. पाच मिनिटांनी सासू घाबरून म्हणाली, बाई, गाडी बंद पडली वाटते, धक्का मारू का? सिस्टर म्हणाल्या, मार, पण आधी खिडकीतून पाह्य. झाडं मागं पळत होती. पोरगी कळांमध्येही हसायला लागली. दवाखान्यात वेळेवर पोचल्या. त्या पोरीचं पोरगं आता अंगणवाडीत जातं, आणि गुरुवारी पांढरी गाडी दिसली की त्याची आजी अजून पदर तोंडाला लावून हसायची. हसायची म्हणतो, कारण आता गुरुवारी सिस्टर येत नाहीत.

सिस्टरना माझ्या यार्डात यायला आवडायचं. आमच्याकडं एक जुनी रीत अजून आहे. माझे वडील, आबा, बैलबाजारातले दलाल. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका दुपट्ट्याखाली घालायचे, तोंडानं फक्त 'हे हजार', 'हे दहाचे' किंवा 'हे सुटे', म्हणजे एकेकाचे, एवढंच म्हणायचं आणि आकडा बोटं दाबून सांगायचा, पाचाच्या वरचा असेल तर दोनदा दाबून. पटलं तर समोरचा पूर्ण पंजा आवळतो, नाही पटलं तर हात सोडतो किंवा स्वतःचा आकडा दाबतो. बघणाऱ्या शंभर माणसांना काही कळत नाही. बैल गेले, गाड्या आल्या, पण आम्ही चार-पाच जुने व्यापारी अजून दुपट्ट्याखालीच सौदा करतो. सिस्टरनी एकदा हे बघितलं आणि हटूनच बसल्या, मले शिकव. बाईमाणसाचा हात दुपट्ट्याखाली धरायचा म्हणजे मी अवघडलो. त्या म्हणाल्या, तीस वर्षं पुरुषाइचे हात धरून नाड्या पाह्यल्या, आण तो दुपट्टा. एका दुपारी शिकल्या. बोटं इतकी नेमकी दाबायच्या की आमच्यातल्या म्हाताऱ्या दलालानंही हार मानावी.

आता माझी चूक सांगतो. आबांकडून मी बैलाचे दात बघायला शिकलो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठ दात आले की बैल जुळला. जुळल्यानंतर वय कळत नाही, भाव उतरतो. विजेच्या गाड्या बाजारात आल्या आणि कंपन्यांनी बॅटरीची हमी आठ वर्षांची दिली, तेव्हा मी यार्डात एक बोलणं सुरू केलं, एक वर्ष म्हणजे एक दात. आठ दात झाले, गाडी जुळली, भंगारात काढा. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. शेगाव, नांदुऱ्यापर्यंत माझं हे बोलणं गेलं. कोणी विजेची जुनी गाडी आणली की मी काच खाली न करता, एक किलोमीटर न चालवता, साल विचारून भाव सांगायचो. आबा असते तर त्यांनी कानाखाली दिली असती. आबा दात नंतर बघायचे. आधी बैल चालवून बघायचे, चाल पाह्य, मग तोंड उघड, हे ते मला शंभरदा बोलले होते.

गाडीला सहा वर्षं झाली आणि नितीन पुण्याहून आला. त्याला आईची काळजी, ते खोटं नव्हतं. एकटी बाई, सहासष्ट वय, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जुनी गाडी, रस्त्यात बॅटरीनं जीव सोडला तर? गाडी विक आणि पुण्याला चल, असा त्याचा धोशा. सिस्टर ऐकेनात. चार दिवस मायलेकात हेच. शेवटी सिस्टरनी मधला मार्ग काढला. म्हणाल्या, गजूले विचारू. त्याले गाड्या कळतात. तो म्हणाला गाडीत जीव आहे, तं मी अठीच राहीन अन् तू मले पुन्हा बोलायचं नाही. तो म्हणाला जीव नाही, तं मी येईन तुह्यासोबत.

हे सगळं नितीननं मला यार्डात आल्यावर सांगितलं, सिस्टरच्या समोरच. म्हणजे माझ्या एका शब्दावर काय अवलंबून आहे हे मला चांगलं माहीत होतं. नव्हतं माहीत, असं म्हणायची सोय मला नाही.

सिस्टरनी तक्ता काढून माझ्या हातात दिला. मी वरवर चाळला आणि हसलो. यार्डात बाजूला चारजण उभे होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की सिस्टर, ताप उतरला म्हणून म्हातारपण उतरत नाही.

"तू चालवून पाह्यली?" सिस्टरनी विचारलं.

"चालवाले काय लागते सिस्टर, सहा दाती झाली. दोन वर्षांत जुळते. आता निघते तेवढी किंमत काढून घ्या."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. पेशंट खोटं बोलतोय का, हे बघतात तसं. मग म्हणाल्या, टाक दुपट्टा. मी दुपट्टा टाकला आणि बोटं दाबली. काय दाबलं ते मी इथं लिहीत नाही, लिहवत नाही. एवढंच सांगतो की त्यात एक बरी मोटरसायकल आली असती. त्यांचा हात गार होता. मग त्यांनी पूर्ण पंजा आवळला आणि म्हणाल्या, "हाव." चावी दिली, तक्ता दिला, आणि निघताना सांगून गेल्या की गरम असताना वायर लावू नको.

मी ती गाडी भंगाराच्या हिशेबानंच घेतली होती. सीटा, टायर, काचा. पाचव्या दिवशी अकोल्याचा एक मिस्त्री दुसऱ्या कामाला आला होता, त्याच्याकडं बॅटरी तपासायचं यंत्र होतं. सहज लावून बघ म्हटलं. त्यानं लावलं, बघितलं, परत लावलं. मग मला म्हणाला, भाऊ, ही कोणाची गाडी आहे? एक्क्याण्णव टक्के बॅटरी शिल्लक आहे. अशी वापरली तर अजून दहा वर्षं हिला मरण नाही. मी चावी घेतली आणि पहिल्यांदा ती गाडी चालवली. नांदुरा रोडनं गेलो आणि आलो. काय चाल होती!

तोपर्यंत चूक होती. चूक कोणाचीही होते. पण सिस्टर तेव्हा खामगावातच होत्या. सामान बांधायला त्यांना अजून आठवडा होता. त्यांचं घर माझ्या यार्डापासून पायी दहा मिनिटं. जायचं, चावी हातात ठेवायची आणि म्हणायचं, सिस्टर, मी गाढव आहे, तुम्ही कुठं जाऊ नका. एवढंच काम. रोज सकाळी ठरवायचो, दुपारी जातो. दुपारी ठरवायचो, उद्या. खरं कारण सांगू? चार गावांत माझं दातांचं बोलणं झालं होतं. सिस्टर खऱ्या ठरल्या तर मी खोटा ठरत होतो. आणि गाडीचा नफाही दिसत होता, ते का लपवू? त्या ज्या दिवशी गेल्या त्या दिवशी मी दुसरबीडला एका लग्नाला गेलो. लग्न लांबच्या नात्यातलं होतं, नसतो गेलो तरी चाललं असतं.

पुढं मी ती गाडी संग्रामपूरच्या एका ड्रायव्हरला विकली, प्रवासी वाहतुकीसाठी. तो मागंपुढं बघत होता. जुनी विजेची गाडी, सहा वर्षं, लोक काहीबाही बोलतात, म्हणाला. लोक म्हणजे मीच. तेव्हा मी त्याला काय दाखवलं असेल? सिस्टरचा तक्ता. ज्याला चारजणांत हसलो होतो तोच. टिंबावर बोट ठेवून दाखवलं, ही बघ सरळ रेघ, बाई नर्स होत्या, असा माल मिळणार नाही. त्याला पटलं. मला पाहिजे तो भाव आला. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तर ॲसिडिटी म्हटलं.

आठवड्यानं नितीनचा फोन. मला वाटलं, कळलं. तर तो आभार मानत होता. आई म्हणते, गजूनं योग्य तेच सांगितलं, भावही बरा दिला. भाव किती दिला, त्यानं विचारलं नाही, आणि सिस्टरनी सांगितला नव्हता. दुपट्ट्याखालचा भाव बाहेर बोलायचा नसतो, ही रीत मीच त्यांना शिकवली होती. मी म्हटलं, काळजी घ्या त्यांची. तो म्हणाला, आई गप्प-गप्प असते, चौथ्या मजल्यावर करमत नाही, दर गुरुवारी सकाळी बीपीचं मशीन काढून पुसते आणि परत ठेवते. मी फोन ठेवला.

मागच्या नोव्हेंबरात मी चहाच्या टपरीवर उभा होतो. समोरून ती गाडी आली. हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं पिवळी झाली होती, म्हणजे रीतसर टॅक्सी. थांब्यावर थांबली. मागच्या सीटवर तीन प्रवासी, त्यांतल्या मधल्या जागेवर, दोन बायांच्या मध्ये आक्रसून, तायडे सिस्टर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला पुण्याहून आल्या होत्या, तेवढ्यात माहेरी जाऊन येत होत्या. स्वतःच्या गाडीत, भाडं देऊन. मी पाठ फिरवावी म्हणून वळलो, पण त्यांनी हाक मारली.

बारीक झाल्या होत्या. घड्याळ सैल होऊन मनगटावर खाली आलं होतं. त्यांच्या मांडीवर तक्ता होता. ड्रायव्हरनं तो अजून चालू ठेवला होता, वेड्यावाकड्या टिंबांनी. त्यांनी बाजूच्या बाईला सरकायला सांगितलं, काच खाली केली आणि हात बाहेर काढला. म्हणाल्या, टाक दुपट्टा.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. गाडीतल्या बायांना वाटलं, काही सौदा आहे. सिस्टर म्हणाल्या, "हे दहाचे," आणि आधी पाच बोटं दाबली, मग चार. नव्वद. गाडीत आज किती जीव आहे ते, तक्त्यावरून काढलेलं. मग थांबल्या. आता माझी पाळी होती. पंजा आवळून मोकळं होता आलं असतं, आकडा पटला एवढाच त्याचा अर्थ झाला असता. पण त्यांनी हात सोडला नव्हता. गाडी विकताना मी ड्रायव्हरला मिस्त्रीच्या यंत्राचा आकडाही सांगितला होता, म्हणजे त्यांना तो आधीच कळला असणार, हे मला नंतर सुचलं. त्या फक्त मी काय दाबतो ते बघत होत्या. मी पाच बोटं दाबली, मग चार. मग 'हे सुटे' म्हटलं आणि एक बोट दाबलं.

"कवा पाह्यले?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही अठीच होत्या सिस्टर, तवा."

त्यांनी हात काढून घेतला. दुपट्टा नीट चार घड्या करून माझ्या हातात दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तवा सांगतलं असतं गजू," म्हणाल्या, "तं मी गेलीच नसती रे."

मग ड्रायव्हरला म्हणाल्या, चाल बाबू, अन् घरी गेल्या-गेल्या वायर लावू नको. गाडी निघाली. आवाज नसतोच तिला. मी घडी केलेला दुपट्टा हातात घेऊन उभा होतो, आणि टपरीवाला मागून विचारत होता, काय भाऊ, सौदा जमला का?